पन्नास जणांचं लग्न, प्रचंड बहुसंख्येने

तुमच्या लग्नात किती माणसं जेवली, आणि त्यातल्या किती जणांना तुमचं नाव माहीत होतं?

हा प्रश्न मी उगाच विचारत नाही. माझं लग्न ठरलं त्या उन्हाळ्यात अभ्यास म्हणून मी ओळीने सात लग्नं जेवले. यवतमाळच्या बायपासवरच्या एका लॉनमध्ये डोशाच्या रांगेत माझ्यापुढे एक बाई उभ्या होत्या. नवरामुलगा तुमचा कोण, असं त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, मुलाच्या काकांचे साडू आणि आमचे मिस्टर एका ऑफिसात होते. मुलाचं नाव काय, या प्रश्नावर त्यांनी मागे वळून फुलांच्या कमानीवरचं इंग्रजी अक्षर पाहिलं आणि म्हणाल्या, एस वरून काहीतरी आहे.

पत्रिकेवर मुहूर्त होता अकरा वाजून एक्केचाळीस मिनिटांचा. ते एक मिनिट कुठल्या पंचांगातून काढलं होतं कोण जाणे, कारण अक्षता पडल्या तीनला. मधल्या वेळात नवरदेव डीजेपुढे अडकला होता आणि नवरी धुरात. तिच्या प्रवेशासाठी पांढरा धूर सोडला होता, त्यातून ती खोकत बाहेर आली. ड्रोन डोक्यावर घोंघावत होता. मंगलाष्टकं सुरू होणार एवढ्यात माईकवाल्याने जाहीर केलं की एका पुढाऱ्यांचं आगमन झालेलं आहे. मग शाल, श्रीफळ, दोन शब्द. दोन शब्द वीस मिनिटं चालले. तेवढा वेळ नवरानवरी हातात हार धरून उभे होते, आणि लग्न त्या पुढाऱ्यांचंच असल्यासारखं वाटत होतं. ते दोघं जेवायला बसले तेव्हा डोसेवाला तवा धूत होता.

मी तिथून घरी आले ती ठरवूनच: माझ्या लग्नाला पन्नास माणसं. एकही जास्त नाही.

असं ठरवायला माझ्यासारखं घर लागतं. बाबा महागावला शाळेत मास्तर होते, आणि शाळा सुटल्यावर चळवळीत. दुसऱ्यांच्या घरात भांडी असतात तशी आमच्या घरात पत्रकं होती. वह्यांना कव्हर पत्रकाचं, फडताळात अंथरलेलं पत्रक, चिवड्याच्या डब्यात तळाशी पत्रक. अक्षरओळख मी ‘जाहीर निषेध’ या दोन शब्दांवर केली. दहा वर्षांची असताना ‘लग्न की लुटालूट?’ हे बाबांचं पत्रक मी एका मंगल कार्यालयाच्या दारात उभी राहून वाटलं, आणि मग आत जाऊन चार जिलब्या खाल्ल्या. बाबांनीही खाल्ल्या. अन्नावर राग काढायचा नाही, हे आमच्या जाहीरनाम्यातलं एकमेव तडजोडीचं कलम.

बाबांचं प्रत्येक पत्रक एकाच ओळीवर संपायचं: ‘तरी प्रचंड बहुसंख्येने उपस्थित राहावे, ही विनंती.’ त्या ओळीने आजवर जास्तीत जास्त अकरा माणसं आणली. त्यातले दोघं साध्या वेशातले पोलीस होते.

ज्याच्याशी लग्न करायचं होतं तो लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर. त्याला आकडा सांगितला तेव्हा त्याने एवढंच विचारलं, “त्या पन्नासात आपण दोघं धरून की सोडून?” त्याच्या वडिलांना डीजे हवा होता. पुढे तुम्हीच नाचायचं, अशी अट याने घातली. गुडघ्यांचा विचार करून त्यांनी माघार घेतली. ठरलं ते असं: शुक्रवारी यवतमाळला नोंदणी, रविवारी महागावला आमच्या गल्लीच्या टोकाला समाजमंदिराच्या ओट्यावर दोन हार, चहा आणि चिवडा.

नागपूरला नोकरी करणाऱ्या एका मैत्रिणीला मी हे अभिमानाने सांगितलं. ती म्हणाली, “किती क्लासी! हल्ली सगळे असंच करतात.” तिच्या ओळखीतल्या कोणाचं तरी लग्न पन्नासच माणसांत झालं होतं, जंगलाशेजारच्या रिसॉर्टमध्ये. प्रत्येक पाहुण्याच्या उशीवर त्याच्या नावाची चिठ्ठी होती. साधेपणाचीही फॅशन निघाली आहे आणि ती लॉनपेक्षा महाग आहे, हे मला त्या दिवशी कळलं. थोडं टोचलं. पण मी आकडा बदलला नाही.

विरोध एकच झाला, आणि तो घरातून. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून वांगी निवडत होती. वर न बघता म्हणाली, “तीस वर्सं लोकायच्या मांडवात जेवली मी. एकडाव मले वाढू दे.”

यामागची गोष्ट तिने मला एकदाच सांगितली होती. तिचं लग्न बाबांनी पत्रक काढून केलं होतं. दोन हार, एक भाषण, एकेक कप चहा. त्या पत्रकात ‘मिष्टान्नाला फाटा’ असं छापलेलं होतं, आणि आईच्या आईला वाचता येत नव्हतं. ती पितळी डबा भरून करंज्या घेऊन आली. कार्यक्रमाच्या शिस्तीत तो डबा कोणी उघडला नाही. ती तशीच डबा घेऊन परत गेली. त्यानंतर गल्लीत बारशी झाली, लग्नं झाली, आईला प्रत्येक घरचं आवतन आलं, ती प्रत्येक ठिकाणी जाऊन जेवून आली. उलट आवतन द्यायची पाळी तिच्यावर कधी आलीच नाही. आमच्या घरी वाढदिवसालाही व्याख्यान असायचं.

तिला हवं होतं चूलबंद आवतन. आमच्याकडे बोलावण्याचे दोन प्रकार. घरटी एक म्हणजे घरातून एकाने यायचं. चूलबंद म्हणजे लेकराबाळांसकट सगळ्यांनी, त्या दिवशी त्या घरची चूल पेटवायचीच नाही. आख्ख्या गल्लीला चूलबंद! मी तिला समजावलं की हा प्रश्न जेवणाचा नाही, तत्त्वाचा आहे. आज गल्ली म्हणशील, उद्या गाव म्हणशील, परवा लॉन.

“तत्त्वाले भूक नाही लागत, बापा,” ती म्हणाली, आणि वांग्यांकडे वळली. तो विषय तिने पुन्हा काढला नाही. मला वाटलं, मी जिंकले.

पत्रिका मीच लिहिली. वर मथळा, ‘लग्न साधेपणानेच!’ खाली चार ओळी: बडेजाव न करता, मर्यादित उपस्थितीत, आहेर आणू नये. कागद घेऊन मी चाचांकडे गेले. बसस्टँडमागे त्यांचा छापखाना आहे आणि बाबांचं प्रत्येक पत्रक त्यांनीच छापलेलं आहे. चाचा नमाजला गेले होते. मी कागद टेबलावर ठेवला आणि समासात लिहिलं, ‘बाकी सगळं नेहमीप्रमाणे.’ म्हणजे अक्षराचं वळण नेहमीचं, कागद नेहमीचा पिवळा.

संध्याकाळी बाबांच्या फोनवर प्रूफ आलं. प्रूफ वाचण्यात माझा हात धरणारं महागावात कोणी नाही, असं माझं मत होतं. शेवटच्या ओळीत ‘बहू’ असं दीर्घ पडलं होतं. ते मी ऱ्हस्व करायला सांगितलं आणि ‘ओके’ लिहून पाठवलं. ओळीतली चूक मला दिसली. ओळ दिसली नाही. आयुष्यभर जी ओळ वाचून कोणी आलं नाही, ती डोळ्यांना तरी कशी दिसावी?

मग फोन आईपुढे धरला, किती आटोपशीर आहे बघ म्हणून. तिने चष्मा लावला, बोटाने एकेक ओळ वर सरकवत सावकाश वाचलं.

“हे शेवटपर्यंत बराबर आहे ना?” तिने विचारलं.

“शेवटपर्यंत,” मी म्हणाले.

शुक्रवारी नोंदणी झाली. शनिवारी सकाळी पेपर उघडला आणि त्यातून पिवळा कागद पडला. ‘लग्न साधेपणानेच!’ खरं सांगते, मला पहिल्यांदा आनंदच झाला. वाटलं, महागावात आपल्या विचाराचं आणखी कोणीतरी आहे. मग खाली माझं नाव दिसलं. त्याखाली ‘मर्यादित उपस्थितीत’, आणि त्याखाली ‘तरी प्रचंड बहुसंख्येने उपस्थित राहावे, ही विनंती.’ बहु ऱ्हस्व.

मी धावत छापखान्यात गेले. चाचांनी शांतपणे माझाच कागद काढून दाखवला. नेहमीप्रमाणे शेवटची ओळ, नेहमीप्रमाणे हजार प्रती, नेहमीप्रमाणे पेपरांतून वाटप. “तूच तं लिहिलं, बेटा,” ते म्हणाले. “आता नेहमीप्रमाणे म्हंजे नेहमीप्रमाणे.” वर त्यांनी मुबारक हो म्हटलं आणि सांगितलं की उद्या आमचंही सगळं घर येऊन राह्यलं.

बाबा मात्र निर्धास्त होते. त्या ओळीला घाबरू नकोस, म्हणाले. तीस वर्षांचा अनुभव आहे, कोणी येत नाही.

दुपारी आई हळदकुंकवाचा करंडा घेऊन बाहेर पडली आणि दिवेलागणीला परतली. समाजमंदिरामागे चार मोठे गंज, पंगतीच्या स्वयंपाकाची पातेली, पालथे घातलेले मी पाहिले. कशाला आणलेत, असं विचारलं तर म्हणाली, पाण्यासाठी.

रविवारी आले. सगळे आले. कोणी म्हणतं पाचशे, कोणी सातशे. मी मोजले नाहीत, मोजायची छाती झाली नाही. गल्ली आली, छापखाना आला, बाबांचे तीस वर्षांतले विद्यार्थी आले, ज्यांनी एकही पत्रक कधी वाचलं नव्हतं ते सगळे पत्रक हातात धरून आले. आम्ही एकमेकांना हार घातले. तेवढं दोन मिनिटांत उरकलं. मग बाबा माईकपुढे उभे राहिले. साध्या विवाहावरचं भाषण त्यांच्या खिशात होतं. पण समोर आयुष्यात पहिल्यांदा एवढी गर्दी बघून त्यांचा तोल गेला, आणि त्यांनी थेट वस्तीतल्या नालीचा प्रश्न घेतला. नाली उघडी का, तिचा उतार उलटा का, डास कुठून येतात. लोक शांतपणे ऐकत होते, कारण मागून फोडणीचा वास येत होता.

मला तो वास पाव तासाने लक्षात आला. मागे जाऊन पाहिलं तर चारही गंज चुलींवर. एकात वरण, दोनात भात, एकात वांग्याची भाजी. गल्लीतल्या बायका पदर खोचून उभ्या होत्या, आणि भिंतीशी प्रत्येक घरचे तांदूळ, डाळ, वांगी, तेलाचे डबे, कोणाच्या घरची हळद. मध्ये आई, हातात वरण वाढायचं वगराळं.

मी काही बोलण्याआधी तीच म्हणाली, “त्यायच्या घरी सयपाक होणारच होता ना? तो इथं झाला. कोणाचं काय जास्त गेलं?”

“तुला ती ओळ दिसली होती?”

“तुमी दोघं लिहिता,” ती म्हणाली. “वाचते मी.”

मग ती ओट्याच्या पायरीशी गेली आणि बाबांना म्हणाली, “अहो, आटपा. वरण निवून राह्यलं.” बाबांनी नालीचा उतार अर्धाच सोडला आणि खाली उतरले. पंगत बसली. दुसरी बसली, तिसरी बसली. आईने पहिल्या पंगतीपासून शेवटच्या पंगतीपर्यंत स्वतः वाढलं, आग्रह केला, नको म्हणणाऱ्याच्या पत्रावळीवर मुद्दाम जास्त टाकलं. हात दुखले असणार. सगळ्यांत शेवटी आम्ही दोघं बसलो, तेव्हा तिने आतून एक पितळी डबा आणला. करंज्या होत्या. आम्हाला एकेक वाढली, बाबांना दोन. बाबांनी डब्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि दोन्ही खाल्ल्या.

लॉन, ड्रोन, धूर आणि पुढाऱ्यांच्या शाली यांबद्दल मी जे म्हणत होते त्यातलं एक अक्षर मागे घेत नाही. ती लूट आहे आणि लूटच राहील. फक्त माझा पन्नासचा आकडा मागे घेते. तो मी कोणाला न विचारता काढला होता, त्या अकरा एक्केचाळीसच्या मुहूर्तासारखाच. नालीबद्दल बाबांनी महिनाभराने पत्रक काढलं. तोच कागद, तीच शेवटची ओळ. नऊ जण आले, त्यात चाचा. आई म्हणाली, वरण ठेवायचं होतं.

तर तुमच्या घरी लग्न ठरलं असेल, तर हॉलवाल्याला फोन करण्याआधी एक काम करा. तुमच्या घरात जी बाई वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या मांडवात मुकाट जेवून येते, तिच्या हातात पत्रिकेचा कच्चा कागद द्या. सोबत पेन द्या. आणि ती वाचत असताना समोर उभे राहू नका.