शनीची उजवी बाजू

नव्वदीच्या दशकात नाशिकमध्ये, द्वारका चौकाजवळच्या माझ्या खोलीत, मी अंतराळयानांच्या शर्यती भरवत असे. आलेखाचा मोठा कागद म्हणजे आकाश, शर्टाची बटणं म्हणजे यानं. मागच्या खेळीत यान जितकी घरं गेलं, तितकीच पुढच्या खेळीतही जाणार. बदल करायचा तो एकाच घराचा. ग्रहाजवळ आलात की तो एक घर स्वतःकडे ओढणार. ब्रेक नाही! एवढा अप्रतिम खेळ, आणि समोर बसायला माणूस नाही. ऑफिसातल्यांनी 'फासे कुठंयत?' विचारून काढता पाय घेतला. मग दोन्ही बटणं मीच चालवायचो आणि हरलेल्या मला जिंकलेला मी टोमणे मारायचो.

एका रविवारी वरच्या मजल्यावरचे गुरुजी डोकावले. घाटावर यात्रेकरूंचे विधी करणारे, साठीचे, एकटेच राहणारे. बसले, आणि काय सुसाट सुटले! मी मनात तुताऱ्या वाजवत होतो. एवढ्यात शनी आला.

"इथून शनीला डाव्या हाताला ठेवून वळसा घालायचा," मी म्हणालो.

"शनीला उलटी प्रदक्षिणा? मी?"

"गुरुजी, कागद आहे हो."

"मग नाव कशाला लिहिलंत?"

"खोडतो."

"खोडल्यानं शनी जातो होय?"

त्यांनी बटण दुसऱ्या बाजूला वळवायला घेतलं. पण वेग कुठला ऐकतो! खेळीमागून खेळी ते तिरपं सरकत कागदाबाहेर गेलं.

"चालेल," गुरुजी समाधानानं म्हणाले. "पुढच्या रविवारी सुलटा रस्ता काढून ठेवा. येतो."

आठवडाभर मी दुसरं काही केलं नाही. खिडकीच्या काचेवर कागद पालथा धरून सगळा मार्ग उलटा गिरवला. आता प्रत्येक ग्रह उजव्या हाताला. रविवारी दोन कप चहा मांडला. जिन्यात पावलं वाजली. गुरुजी पिशवी घेऊन घाईनं उतरत होते.

"यजमान आलेत हो. माझ्या वतीनं तुम्हीच चाला."

"असं कसं, गुरुजी?"

"का? जन्मभर लोकांच्या वतीनं मी करतो. एकदा माझ्या वतीनं कुणीतरी करा की!"

बसलो. दोन्ही बटणं हलवली, त्यांचं अंमळ जपून. शनीला त्यांनी देखणा वळसा घातला आणि एका घराने मला हरवलं. सांगायला धावत वर गेलो. दाराला कुलूप होतं. तरी मी कडी वाजवली.