एका वेलांटीचे शंभर चौकोन

वीस वर्षं दारोदार टपाल वाटणाऱ्या वहिनींवर गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तीन महिने घरात बसायची वेळ आली. नर्सबाई म्हणाल्या, "वहीत चौकोन आखा आणि प्रत्येकात सावकाश एक वेलांटी काढा. जीव शांत होईल."

चौथ्या चौकोनातच वहिनी कंटाळल्या. पाचव्यात त्यांनी वेलांटी उलटी केली, सहाव्यात दोन वेलांट्या पाठीला पाठ लावून बसवल्या, आणि मग त्यांना जेवणाचंही भान राहिलं नाही. पहिले चार सोडून असे शंभर वेगळे चौकोन काढायचेच, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

त्यांची थोरली नणंद गिरणीत कापड तपासायची. तिच्या नजरेतून एक चुकार धागा सुटत नसे. ती म्हणाली, "शंभर कसले गं! कुठेतरी तेच येणार."

"मग शोधून दाखवा, वन्सं."

महिन्याभराने वही भरली. नणंदेने भिंग घेऊन दुपारभर एकेक चौकोन ताडून पाहिला. दोनदा तिचं बोट थबकलं, पण दोन्ही वेळा तिनेच नकारार्थी मान हलवली.

"हरले गं बाई! एकासारखा दुसरा नाही."

वहिनींनी लगेच खिडकीतून शेजारणीला हाक मारली, "अहो, या लवकर! वन्सं काय म्हणतात ते ऐका!"