आत्याने पाहिलेला सिनेमा

आम्ही नाशिकला राहायचो तेव्हा आत्या आणि मी एकाच खोलीत झोपायचो. ती शाळेत गणित शिकवायची, अडतीस वर्षांची होती, आणि लग्नाचा विषय निघाला की ताटावरून उठायची. मी नववीत असताना शेजारच्या काकूंनी ऐनवेळी त्यांची सिनेमाची दोन तिकिटं आम्हाला दिली. "नाव ऐकूनच कळतंय काय असेल ते," असं म्हणत आत्या केवळ माझ्यासाठी आली.

सिनेमात मुलासाठी मुलगी बघायला गेलेले विधुर वडील मुलीच्या मावशीतच गुंततात आणि दोन्ही घरांत गोंधळ उडतो. पहिली दहा मिनिटं आत्या घड्याळ बघत होती. मग तिला हसू फुटलं, इतकं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मावशी मटार सोलता सोलता एकटीच गाते ते गाणं सुरू झालं तेव्हा मात्र ती अगदी गप्प झाली. मागे नुसती बासरी आणि तबला. गंगेवरून, म्हणजे नाशिकच्या नदीकाठाने, घरी येताना ती तीच चाल गुणगुणत होती, जरा बेसूरच. दुसऱ्या दिवशी मेनरोडवरून कॅसेट आली. महिनाभर आमच्या घरात दुसरं काही वाजलं नाही.

एका रविवारी बाबांनी बिचकतच विचारलं, "दिंडोरीच्या त्या स्थळाला परत विचारू का?" ते गृहस्थ द्राक्षबागायतदार होते, विधुर, दोन वर्षांपूर्वी आत्यानेच त्यांना नकार कळवला होता.

आत्या वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांचं अजून कुठे जमलं नसेल तर विचार, दादा."

दोन महिन्यांत लग्न झालं. सगळे आनंदात होते, मी सोडून. ती निघाली तेव्हा मी गच्चीवर जाऊन बसले. ती जिना चढून वर आली, माझ्या शेजारी टेकली. खालून हाका आल्या तशी उठली.

दिवाळीच्या सुट्टीत मी दिंडोरीला गेले. बागेत छाटणी चालली होती. आत्या डोक्याला रुमाल बांधून उभी होती, उन्हाने रापलेली. तिचे यजमान काहीतरी म्हणाले आणि ती मोकळेपणी हसली. मला बरं वाटायला हवं होतं.

"अजून दोन दिवस राहा ना," ती म्हणाली.

अभ्यास आहे, असं सांगून मी दुपारच्या एसटीने निघाले. अभ्यास काही नव्हता. तिने आणखी आग्रह करावा एवढंच वाटत होतं; तिला अभ्यासाचं खरं वाटलं आणि तिने डबा भरून दिला.

पुढे कॉलेज, नोकरी, लग्न. दिंडोरीला जाणं व्हायचं ते सकाळी जाऊन संध्याकाळी परत. तिच्याकडे मुक्काम असा पुन्हा झालाच नाही, आणि आता ती नाही.