शर्यतीआधीचा सत्कार

माझ्या कपाटात शालींची इतकी थप्पी साचली आहे की एखादं लहानसं दुकान निघेल. अकोल्याच्या उन्हात शाल पांघरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, पण सत्कार म्हटला की शाल आलीच. लहानपणी पोलिओने माझा डावा पाय नेला. म्हणजे पाय आहे, पण नुसता लोंबतो. उजव्याच्या जोरावर मी लांब पल्ल्याची सायकल चालवते. पहाटे अकोल्याहून निघते, अमरावतीला जेवते, आणि कुठेतरी रस्त्यातच अंधार पडतो. तेवढ्यावर शाळाशाळांतून मला ‘प्रेरणा’ म्हणून बोलावतात.

कार्यक्रम ठरलेला असतो. मुख्याध्यापक माझ्या पायाकडे हात करून पोरांना म्हणतात, “बघा, या ताईंना एक पाय नाही तरी एवढं करतात. आणि तुम्हाला दोन-दोन धडधाकट पाय असून मैदानाला एक चक्कर मारवत नाही!” पोरं माना खाली घालतात. पाठ कुठे भरून येते, उलट्या वाऱ्यात काय करायचं, वाटेत काय खायचं, हे मला कोणीही विचारत नाही. माझं डोकं फिरतं. माझा पाय म्हणजे काय मास्तरांची छडी आहे?

भातकुलीजवळच्या एका शाळेत असंच सगळं पार पडलं. टाळ्या झाल्या, पोरं मैदानावर पळाली, आणि एक मुलगी मात्र भिंतीशी चपलांच्या ढिगाजवळ बसून राहिली. नववीतली असेल. एक पाय जन्मापासून आखूड. खेळाच्या तासाला सगळ्यांच्या चपला राखायच्या, हे तिचं काम, आणि ते तिला शाळेनेच दिलेलं. खेळाच्या मास्तरांना मी विचारलं, तर ते अगदी मायेने म्हणाले, “मॅडम, पडलीझडली तं कोनाच्या डोक्यावर? बसून राह्यते बिचारी. काई तरास नाई तिचा.”

मी निघाले तेव्हा ती गेटपर्यंत मागे आली.

“ताई, मले शिकवान काय सायकल?”

“शिकवीन. पण रडायचं नाही.”

“मी काहून रडन?”

खरंच नाही रडली. पडली की दात-ओठ खाऊन सायकललाच शिव्या घालायची. अमरावतीच्या एका सायकलवाल्याने तिच्या आखूड पायासाठी पेडलवर लाकडी ठोकळा बसवून दिला, आणि मग ती काही थांबेना. तो सगळा हिवाळा आम्ही रविवारी-रविवारी कपाशीच्या वावरांमधल्या रस्त्यांवर काढला. एकदा तर तिने मला मागे टाकलं आणि वळून पाहिलंसुद्धा नाही. मला इतका आनंद झाला की मी रस्त्यात एकटीच ओरडले.

मग अमरावतीच्या एका मंडळाने खुली शर्यत जाहीर केली. रिद्धपूरपर्यंत जायचं आणि परत यायचं. तिचं नाव मीच दिलं. तिच्या शाळेतली पोरंही उतरणार होती. तिला नंबर नको होता. ज्यांच्या चपला राखल्या त्या पोरांच्या रांगेत उभं राहून, त्यांच्याच शिटीवर सुटायचं होतं. मलाही तिच्यासाठी दुसरं काही नको होतं.

शर्यतीच्या सकाळी मंडप सजलेला. प्रमुख पाहुण्यांना पुढे अकोल्याला लग्न गाठायचं होतं, म्हणून सत्कार आधी उरकायचे ठरले. तेवढ्यात मंडळाच्या अध्यक्षांची नजर तिच्या ठोकळ्याच्या पेडलवर पडली. झालं. तिला मंचावर घेतलं. शाल, नारळ, आणि पहिल्या नंबरापेक्षाही मोठी ट्रॉफी. वरातीमागून घोडं ऐकलं होतं, इथे घोडं वरातीच्या आधीच नाचवून झालं.

ती खाली उतरली, तोवर पोरं रांगेत उभी राहिली होती. मी तिची सायकल पुढे केली, तर अध्यक्ष आडवे आले.

“आता काहून पळवता तिले ताई? सत्कार झाला न तिचा! रस्त्यात पडली तं मंडळाचं नाव खराब होईन. आमी गाडीतून नेऊन राहिलो तिले, सगळ्याइच्या पुढं.”

मी भांडले. माइक चालू असताना भांडले, लोक बघत होते तरी भांडले. तिचे वडील माझ्यापुढे हात जोडून म्हणाले, “जाऊ द्या ताई. बक्षीस भेटलं न. आता कायची तंगडतोड?”

“तिला विचारा,” मी म्हटलं. मला खात्री होती.

तिने ट्रॉफीकडे पाहिलं, रांगेतल्या पोरांकडे पाहिलं. ती पोरं तिच्यासाठी टाळ्या वाजवत होती. आयुष्यात पहिल्यांदा.

“बसतो मी गाडीत,” ती म्हणाली.

शिटी वाजली. उघड्या जीपमधून ती दोन्ही बाजूंना हात हलवत पुढे गेली. मी मागून सायकल हाणली. अंगात संताप इतका की तो रस्ता मला आठवतसुद्धा नाही. राग अध्यक्षांचा होता, वडिलांचा होता, आणि खरं सांगते, तिचाही होता. पण त्या पोरीने मला सायकलवर पाहायच्या आधी मंचावर पाहिलं होतं. तिने काय शिकावं?

पुढच्या रविवारी ती आली नाही. नंतरच्याही नाही. उन्हाळा सरून शाळा उघडल्यावर तिचा फोन आला. आवाज मोठा झाला होता.

“ताई, अकोल्याच्या शाळेनं बोलावलं मले. पाहुनी म्हनून. गाडी पाठवून राहिले ते.”

“आणि सायकल?”

“सायकल भाऊ नेते न कॉलेजले. तो ठोकळा काढून टाकला त्यानं. ताई, भाषनात पयले काय बोलाचं, तेवढं सांगा न.”

मी माझंच भाषण सांगितलं. कागद शोधावा लागला नाही, मला ते तोंडपाठ आहे.