पप्पांनी न दिलेला अग्नी

होटगी रस्त्यावर गोवऱ्यांचा धूर नाकात गेला, की मला आमच्या मैंदर्गी गावची स्मशानभूमी आठवते. आजोबा गेले होते. पप्पा त्यांचे थोरले; पण घराण्यात ख्रिस्ती झालेले ते एकटेच.

"अण्णा, मडकं घे की," धाकटे काका म्हणाले.

"खांदा दिला मी. पण ह्यो विधी माझ्यानं व्हणार न्हाय. मी येशूचा हाय."

"बापापरीस मोटा हाय व्हय तुजा येशू?"

"व्हय," पप्पा हळूच म्हणाले.

"मग पुन्ना आमच्या दारात येऊ नगं."

काकांनी मडकं उचललं, चितेला अग्नी दिला आणि पप्पा आणि मी तिथून निघालो. धूर मागून येत होता.

तेव्हा मला पप्पांचा फार अभिमान वाटला. त्यांच्या याच श्रद्धेनं मला पदवीपर्यंत नेलं. प्रार्थनेत मी आजही त्याबद्दल आभार मानतो. पण एक गोष्ट आता छळते. त्या दिवशी परतताना ज्वारीच्या रानाकडेला पप्पा थांबले आणि त्यांनी उलटा हात तोंडावर धरला. आवाज निघाला नाही. तहान लागली असेल, असं समजून मी पाण्याची बाटली पुढे केली. अग्नी दिल्यावर थोरला मुलगा तसाच तोंडावर हात मारून बोंब मारतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पप्पा दोन घोट पाणी प्याले आणि म्हणाले, "चल, एसटी चुकंल."