तीस घरांचा भात

"काशिनाथ, तक्ता दोन आणि तक्ता सात एकाच गावाचे आहेत ना?"

"हो बाई."

"तक्ता दोन म्हणतो, पिकाच्या हिशेबाने जवळजवळ सगळ्या घरांचा भात फाल्गुनात संपतो. तक्ता सात म्हणतो, तीसच्या तीस घरं आषाढात दोन्ही वेळा भात खातात. हा भात येतो कुठून?"

काशिनाथने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि दोन्हींवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "मी स्वतः पाहिलंय, बाई. प्रत्येक घरी चुलीवर भात होता. मला वाढलासुद्धा."

मुलांनो, ही त्र्याहत्तरच्या पावसाळ्यातली गोष्ट. आदल्या वर्षी मोठा दुष्काळ पडून गेला होता. मी नगरच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवत होते आणि एम.ए.च्या मुलांची गाइड होते. एम.ए.ला काही पेपरांच्या ऐवजी प्रबंध लिहिता येत असे. मुलाने एक विषय घ्यायचा, गावात जाऊन माहिती गोळा करायची आणि शंभर-सव्वाशे पानं लिहायची. गाइडने ती वाचायची, चुका काढायच्या आणि शेवटी सही करायची. सही केली की चुकांमध्ये गाइडचाही वाटा असतो, हे मात्र कोणी सांगत नाही.

काशिनाथ अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागातला, महादेव कोळी समाजाचा. सहाव्या वर्षापासून वसतिगृहात राहून शिकलेला. त्यांच्या भागातून एम.ए.ला बसलेला माझ्या माहितीतला तो पहिलाच. विषय त्यानेच निवडला होता: पावसाळ्यात, नवं पीक हाती येण्याआधी, डोंगरातली माणसं काय खातात. तालुक्याला नव्याने निघालेल्या कॉलेजने त्याला सांगून ठेवलं होतं, दिवाळीच्या आत प्रबंध दाखल कर आणि पास हो, जागा तुझी. नाहीतर ती दुसऱ्याला जाणार होती. प्रबंध दाखल करायला दोन महिने उरले होते.

गाव कोणतं घ्यायचं, हे मात्र मी ठरवलं होतं. आदिवासींवर तोवर जे लिहिलं गेलं होतं ते बहुतेक बाहेरच्यांनी. साहेब जीपमधून यायचे, चार प्रश्न विचारायचे आणि जायचे. माझं मत असं की त्यांच्यातल्याच माणसाने विचारलं तर लोक खरं सांगतील. काशिनाथच्या बायकोचं माहेर त्याच्या गावापासून वीस मैलांवरच्या एका गावी होतं. राहायची सोय होती, ओळखी होत्या. मी लगेच होकार दिला होता आणि स्वतःवर खूषही होते. गावाचं नाव प्रबंधात नव्हतं, म्हणून इथेही लिहीत नाही.

आमचे विभागप्रमुख म्हणाले, "बाई, कशाला एवढं बारीक बघता? एक्स्टर्नल परीक्षक पानं मोजतो, भात मोजत नाही."

"पण सर, दोन तक्ते एकमेकांना खोटं पाडतायत."

"मग त्यातला एक काढून टाका!"

मी चार दिवसांची रजा टाकली. नगरहून संगमनेर, तिथून अकोले, मग राजूरची एसटी आणि पुढे दोन कोस चिखलातून पायी. काशिनाथ माझी वळकटी घेऊन पुढे आणि मी छत्री टेकत मागे. संध्याकाळी पोचलो तेव्हा लुगडं गुडघ्यापर्यंत लाल झालं होतं.

काशिनाथच्या सासऱ्यांनी पाय धुवायला पाणी दिलं. जेवायला बसलो. पानात पांढरा भात आणि कुळथाचं कढण. तूप नाही म्हणून सासऱ्यांनी तीनदा माफी मागितली. मला भूक लागली होती. मी दुसऱ्यांदा भात मागून घेतला. पुढे ती गोष्ट मला बरेच दिवस टोचत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माहेरी आलेली काशिनाथची बायको हिरा आणि तिची आई सगुणाबाई यांच्याबरोबर मी ओढ्यावर गेले. गावातल्या आणखी पाच-सहा बायका तिथे धुणं धूत होत्या. जांभळीच्या मुळांना दोरीने बांधलेल्या वेताच्या पाट्या पाण्यात सोडलेल्या दिसल्या. एक नाही, दहा-बारा. प्रत्येकीत कसले तरी पातळ काप होते आणि वर दगड ठेवलेले.

"हे काय?" मी विचारलं.

हिराने आईकडे पाहिलं. सगुणाबाई म्हणाल्या, "गुरांचं हाय ते, बाई."

"गुरांसाठी इतके पातळ काप करता?"

हिरा पदर तोंडाला लावून हसायला लागली. "सांग की आये. बाई काय जावाय हायेत व्हय?"

"तू गप गं."

"गुरांचं म्हनं! आमची आय गाईला पाट मांडून वाढती, बाई."

सगळ्या बायका हसल्या. सगुणाबाईंनी हातातलं धुणं दगडावर आपटलं, मग त्याही हसल्या. आणि मग सगळं बाहेर आलं.

तो कडू कंद होता. डोंगरातून खणून आणायचा, काप करायचे, राख घालून उकडायचे आणि दोन दिवस वाहत्या पाण्यात ठेवायचे. मगच तो खाता येतो. "घाई केली तर घसा धरतो, वांत्या व्हत्यात," एकजण म्हणाली. घरातला भात आणि नाचणी संपली की हाच कंद, रानातला भाजीपाला आणि मिळेल तेव्हा रेशनची लाल ज्वारी. तीसपैकी बहुतेक घरी त्या महिन्यात हेच चाललं होतं.

"मग काशिनाथ घरोघरी जाऊन विचारत होता तेव्हा का नाही सांगितलंत?"

सगुणाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की एवढी शिकलेली बाई आणि हे कसं कळत नाही. "जावायाला सांगायचं? लेक दिल्याली हाय त्याच्या घरी. उद्या तिकडं म्हनतील, हिराच्या मायबापाच्या घरी कंद शिजतो. आन त्यो काय माझ्या एकलीचा जावाय न्हाई, बाई. साऱ्या गावचा हाय. ज्या घरी वही घिऊन जायाचा, त्या घरी आदल्या दिशी आमी तांदूळ पोचता करायचो."

"कुठले तांदूळ?"

"माझ्या कनगीतले. बियान्याच्या वरचे ऱ्हायले हुते थोडे."

"आन वही मिटली की भात पुढच्या घरी!" दुसरी म्हणाली. "एकदा तर पातेलंच न्हेलं मागल्या दारानं. जावाय म्होरल्या दारात चपला काढतुया, आन भात मागनं आत येतुया."

म्हणजे तक्ता सात हा एका कणगीने गावभर घातलेला फेरा होता. काशिनाथने तो फार काळजीपूर्वक नोंदवला होता. आणि त्याच कणगीतला भात आदल्या रात्री मी दोनदा वाढून घेतला होता.

"जावायाला नगा सांगू," सगुणाबाई म्हणाल्या.

"कोणाच्या घरचं काय, ते नाही सांगणार. पण तक्ता चुकलाय आणि का चुकलाय, एवढं सांगावंच लागेल. नाहीतर तो नापास होईल."

नापास हा शब्द मात्र तिथे सगळ्यांना कळला.

काशिनाथ ओट्यावर बसला होता. मी त्याला सांगितलं. आधी त्याचा विश्वास बसेना.

"पण बाई, मी यांच्यातलाच आहे."

"यांच्यातलाच आहेस, म्हणून तर. एखादा साहेब आला असता तर त्याला मागल्या दाराने भात कोणी आणला नसता. चूक माझी आहे. तू कोळी आहेस एवढंच मी पाहिलं. तू इथला जावई आहेस, हे मी पाहिलंच नाही."

त्याने ओट्यावरून आत चुलीकडे पाहिलं. मग म्हणाला, "मी दीड महिना यांचा भात खाल्ला." आणि थोड्या वेळाने, "मग माझा प्रबंध गेला."

वाट काढली ती सगुणाबाईंनीच. त्यांचं म्हणणं सरळ होतं. जावयाने नगरला परत जावं. हिरा आणखी पंधरा दिवस माहेरी राहील. ती चौथी शिकलेली आहे, वही तीच धरील. "लेकीला कोन काय लपवतंय? तिनं बी कंद खाल्लाय लहानपनी."

मात्र गावच्या बायकांनी दोन अटी घातल्या. वहीत कोणाचं नाव लिहायचं नाही, ही पहिली. आणि दुसरी, जावयाला ते वाचू द्यायचं नाही.

"अहो, पण प्रबंध त्याचाच आहे!" मी म्हणाले. "स्वतःचा प्रबंध न वाचता तो देणार कसा?"

"ते तुमी बघा. तुमी मास्तरीन हाय," सगुणाबाई म्हणाल्या.

ती सकाळ त्यातच गेली. शेवटी असं ठरलं, की घरांना नंबर द्यायचे आणि ते नंबर हिराने तिच्या मनाने द्यायचे. कोणता नंबर कोणाचा, हे फक्त हिराला माहीत. काशिनाथने आकड्यांवरून लिहायचं आणि तिला कधी विचारायचं नाही. हिराने विचारलं, "आन इचारलंच तर?"

"तर सांगायचं नाही."

"ते जमंल मला," ती म्हणाली.

ही नंबर देण्याची पद्धत आज सगळीकडे शिकवतात. तेव्हा आमच्या अभ्यासक्रमात ती नव्हती. आम्हाला ती ओढ्यावरच्या अटीमुळे सापडली.

हिराची माहिती गोळा करण्याची रीत काशिनाथपेक्षा वेगळी होती. तिने एकीलाही "काल काय खाल्लं" असं विचारलं नाही. ती बायकांबरोबर कंद खणायला गेली, काप करायला बसली, ओढ्यावर कोणाची पाटी किती दिवस आहे ते पाहिलं. संध्याकाळी येऊन वहीत खुणा केल्या. भाताला उभी रेघ, नाचणीला गोल, लाल ज्वारीला टिंब, कंदाला फुली. पंधरा दिवसांनी वही माझ्या हाती आली तेव्हा पानंच्या पानं फुल्यांनी भरली होती. उभी रेघ शोधावी लागत होती.

विभागप्रमुखांनी वही पाहून कपाळाला हात लावला. "ही हिराबाई कोण? विद्यापीठाचा नियम आहे, काम उमेदवाराचं स्वतःचं पाहिजे."

मी नियमांचं पुस्तक बरोबर नेलं होतं. "नियम म्हणतो, लिखाण उमेदवाराचं पाहिजे आणि घेतलेली मदत नमूद केली पाहिजे. आपण नमूद करू."

"काय नमूद कराल? बायकोने केलं म्हणून?"

"हो. असंच."

"तुमची सही आहे, बाई. मला काही विचारू नका."

खरी कुरकुर पुढे काशिनाथनेच केली. मी त्याला म्हटलं, जुना तक्ता फेकायचा नाही. दोन्ही तक्ते समोरासमोर छाप. एकावर लिही, 'जावयाला दिलेली माहिती.' दुसऱ्यावर, 'लेकीला दिलेली माहिती.' आणि आधी पाच पानांत लिही, हे कसं घडलं.

"लोक हसतील, बाई."

"हसू देत. हसले म्हणजे वाचलं तरी."

तो दोन दिवस आलाच नाही. तिसऱ्या दिवशी पाच नाही, अकरा पानं घेऊन आला. मागल्या दाराने आलेलं पातेलंही त्यात होतं. तो किस्सा त्याला हिराने सविस्तर सांगितला होता, घराचा नंबर न सांगता. इतकं चांगलं मराठी त्याने आधी कधी लिहिलं नव्हतं. मी त्यात एका स्वल्पविरामापलीकडे काही बदललं नाही.

प्रबंध मुदतीच्या चार दिवस आधी दाखल झाला. मग व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा. बाहेरगावचे एक वयस्कर प्राध्यापक एक्स्टर्नल म्हणून आले होते. त्यांनी चष्मा पुसला आणि पहिलाच प्रश्न टाकला.

"पहिला तक्ता खोटा आहे असं तुम्हीच लिहिता. मग छापला कशाला?"

काशिनाथ उभा राहूनच बोलला. "खोटा नाही सर. गावाने पाहुण्याला काय वाढलं, त्याची ती खरी नोंद आहे. मी फक्त तिला चुकीचं नाव दिलं होतं."

"हं. घर नंबर अकरा. पंधरा दिवसांत एकदाही भात नाही. हे घर कोणाचं?"

"मला माहीत नाही सर."

"तुमच्या प्रबंधातलं घर तुम्हाला माहीत नाही? मग कोणाला माहीत आहे?"

"आमच्या मंडळींना."

"मग विचारलं नाहीत त्यांना?"

"एकदा विचारलं सर. तेव्हा त्या म्हणाल्या, बाईंना शब्द दिलाय."

एक्स्टर्नल माझ्याकडे वळले. मी पदर सावरून सरळ बसले. त्यांनी प्रबंध मिटला आणि म्हणाले, "मीही सासुरवाडीला जातो हो. तिथे रोज पुरणपोळी असते. आता मला काळजी वाटायला लागली." मग त्यांनी आणखी अर्धा तास नाचणी, रेशन आणि कंद खणण्यावरच्या जंगलखात्याच्या बंदीबद्दल कसून विचारलं. काशिनाथने सगळ्याची नीट उत्तरं दिली. दुसरा वर्ग मिळाला, वरचा. कॉलेजातली जागाही मिळाली आणि पुढे तीस वर्षं तो तिथेच शिकवत राहिला.

पास झाल्यावर तो पेढे घेऊन सासुरवाडीला गेला. आता सगळं उघड झालं आहे, आता तरी मला तुमच्यातलंच जेवण वाढा, असं त्याने सासूबाईंना सांगितलं. सगुणाबाईंनी ऐकून घेतलं आणि पानात भातच वाढला. "त्ये तुजं पुस्तक झालं," म्हणाल्या. "ह्ये माजं घर हाय."

त्यानंतर मी प्रत्येक विद्यार्थ्याला फील्डवर पाठवण्याआधी एक प्रश्न लेखी विचारू लागले: त्या गावात तुम्ही कोणाचे कोण? मामा, भाचा, पाहुणा, मास्तर, सावकाराचा मुलगा, जे असेल ते लिहा. पुष्कळ जण 'कोणीच नाही' असं लिहून आणायचे. त्यांचा कागद मी परत करत असे. म्हणत असे, हे तू ठरवायचं नाहीस. जा, गावाला विचारून ये.