पद्माक्कांची गाडी माघारी फिरली

पद्माक्कांची आणि माझी ओळख झाली, ती मी त्यांना हाकलायला गेलो तेव्हा. शाहूपुरीतल्या एका गल्लीत अख्खा फुटपाथ अडवून एक जुनी मिनीबस उभी होती आणि आमची तेव्हा 'फुटपाथ चालणाऱ्यांचा' ही मोहीम जोरात होती. पत्रक मीच लिहिलेलं. निषेध, धिक्कार, 'जनता माफ करणार नाही', सगळा ऐवज त्यात होता. मी दार वाजवलं. आतली हातोडी थांबली आणि साठी ओलांडलेल्या, पदर खोचलेल्या, ओठांत दोन स्क्रू धरलेल्या एक बाई बाहेर आल्या. त्यांनी पत्रक वाचलं, चार घड्या घातल्या आणि आत जाऊन डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारलं. मग टेबल दाबून बघितलं.

"ब्येस. आजून एक हाय काय? तिकडचा पायबी हलतोय."

"आक्का, हा फुटपाथ माणसांसाठी आहे!"

"मग आम्ही काय म्हशी हाय व्हय? आत ये की. उनात कशाला भाषण करतोस?"

आत गेलो आणि माझी मोहीम तिथंच बसली. बसमधली बाकं काढून तिथं घर मांडलं होतं. खिडकीशी पलंग आणि पलंगावर आक्कांचे यजमान, आण्णा. गुळाचे जुने व्यापारी. पक्षाघातानं उजवी बाजू गेली होती आणि सगळ्या भाषेतला एकच शब्द शिल्लक राहिला होता : "चला." चहा हवा, चला. डास चावला, चला. डॉक्टर आले तर फारच कळकळीनं चला. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून गूळ बाजारातल्या हमालांनी त्यांना खुर्चीसकट खाली आणलं होतं आणि आक्कांनी त्यांना परत वर चढवायला साफ नकार दिला होता.

"जलमभर ह्यो माणूस गुळापायी मुलूखभर हिंडला, नि मी घरात डाळ निवडली. आता कुठं मला चला म्हणतोय. आन् मी काय बस म्हणू?"

मुलाला, म्हणजे अभयला, हे सगळं खूळ वाटत होतं. त्याचं शाहूपुरीतच पाइप-फिटिंगचं दुकान. त्याचं म्हणणं, आण्णांनी फ्लॅटमध्ये राहावं, दवाखान्यातल्यासारखी कॉट आणावी, माणूस ठेवावा आणि बस भंगारात घालावी. शेवटी त्यानं अट घातली : एकदा समुद्रापर्यंत जाऊन दाखवा. आण्णांना त्रास झाला किंवा अर्ध्यातून माघारी आलात, तर किल्ली माझ्याकडे. आक्का म्हणाल्या, "चालतंय."

त्या दिवसापासून मी फुटपाथमुक्तीचं काम सोडून आक्कांचे स्क्रू पिळायला जाऊ लागलो. संघटनेत मला गद्दार म्हणाले. म्हणू देत.

आक्कांचा कारभार एका सूत्रावर चालायचा : "हलतंय त्ये बांधायचं. बांधूनबी हललं तर सोडून द्यायचं." सायकलच्या जुन्या ट्यूबा कापून त्यांनी डब्यांना पट्टे केले होते. त्याआधी जुन्या स्पीकरमधली चुंबकं लावून डबे फळीला चिकटवायचा प्रयोग झाला होता. स्टेनलेसला चुंबक धरत नाही हे आक्कांना मी सांगितलं, दुकानदारानं सांगितलं. त्या म्हणाल्या, "धरंल की, जरा दम धर." पहिल्याच वळणावर तिखटाचा डबा माझ्या डोक्यावर आला. मी शिंकत बसलो आणि आक्का म्हणाल्या, "दम धरला न्हाईस तू."

बाकीच्या युक्त्या मात्र पक्क्या. शेगडीभोवती गजाची चौकट, म्हणजे कुकर घसरत नाही. टपाला चुन्याचे दोन हात, म्हणजे उन्हात आत भट्टी होत नाही. कपाटांच्या दारांना बैलाचे घुंगरू, म्हणजे चालत्या गाडीत दार उघडलं की गाडी चालवणाऱ्याला मागं न बघता कळतं. गाडी उभी केली की गाडीतल्या जमिनीवर वाटीभर पाणी ठेवायचं. पाणी ज्या कडेला झुकेल त्या चाकाखाली लाकडाची पाचर. "आण्णांचं डोस्कं पायापेक्षा खाली गेलं तर चला म्हणत खरंच जातील," हे त्यावरचं शास्त्रीय स्पष्टीकरण. गाडी त्या स्वतः चालवायच्या. माहेरी ट्रॅक्टर चालवलेला, त्यामुळं मिनीबसलाही त्या नांगर जोडल्यासारख्याच हाकायच्या.

निघायच्या सकाळी आम्ही पाणी भरायला गडमुडशिंगीच्या त्यांच्या मळ्यात गेलो. आक्का जैन. पाणी गाळल्याशिवाय टाकीत जाणार नाही. दुहेरी फडक्यातून गाळायचं, मग ते फडकं उलटं धरून थोड्या पाण्यानं एका डब्यात खळबळायचं, आणि गाळात आलेले डोळ्यांना न दिसणारे जीव त्याच विहिरीत परत सोडायचे. त्या पाण्याला जिवाणी म्हणतात. आणि सोडायचे म्हणजे वरून ओतायचे नाहीत. डबा दोरीनं पाण्याला टेकवून मग कलता करायचा. "वरनं टाकलास तर पडून मरतील." हे सगळं चालू असताना मी टाकीच्या नळीची पकड कशी चुकीची आवळली आहे यावर आमचं भांडण जुंपलं आणि भांडतच आम्ही निघालो.

मलकापूर जवळ आलं तेव्हा घुंगरू वाजले. मी दार लावायला उठलो, तर कपाटाच्या आत खुंटीवर जिवाणीचा डबा. भरलेला, भांडणात विहिरीत सोडायचा राहिलेला. आक्कांनी आरशातून बघितला आणि गाडी कडेला घेतली.

"फिरवायची."

"आक्का, वेडबीड लागलंय काय? माघारी गेलो तर अभय किल्ली काढून घेणार! चमचाभर न दिसणाऱ्या किड्यांसाठी एवढं डिझेल जाळणार? ही अंधश्रद्धा आहे! त्या किड्यांना तुम्ही कोण हेही माहीत नाही!"

"तू रस्त्यावर ज्या जनतेसाठी बोंबलतोस, ती तुला वळखती व्हय?"

मी कपाटाचं दार लावलं. गाडी वळली. मागून आण्णा तक्रारीच्या सुरात "चला, चला" करत राहिले, कारण समुद्र उलट्या बाजूला होता हे त्यांना चांगलं कळत होतं.

वाट नेमकी अभयच्या दुकानावरून. त्यानं गाडी ओळखली आणि भर रस्त्यात हात पसरून आडवा आला.

"झालं? मी म्हणत होतो! अर्ध्यातून आलात ना? आण किल्ली."

"आरं, सरक. आम्ही किडं सोडायला चाललोय."

"आई, अट काय ठरली होती?"

आक्कांचे हात स्टिअरिंगवर होते. जिवाणी सोडायला माघारी फिरणं त्यांचंच, आणि अटही त्यांनीच कबूल केलेली. त्यांनी किल्लीकडं हात नेला. तेवढ्यात मागच्या खिडकीवर धाडकन डावा तळहात आदळला.

"चला!"

हे चहाचं चला नव्हतं. हमालांनी ढेप आपटली की बाजारात आण्णांची जी आरोळी ऐकू यायची, ती होती. अभय लहानपणापासून ते ओळखत असावा, कारण तो दोन पावलं मागं सरला. मागं गाड्यांचे हॉर्न सुरू झाले होते. एक रिक्षावाला ओरडला, "ओ पावणं, घरातली भांडणं घरात करा की!"

"हे घरच हाय!" आक्का ओरडल्या.

अभयनं दुकानातल्या पोऱ्याला काहीतरी खूण केली आणि दार उघडून आत चढला. "मी फक्त बघायला येतोय," तो म्हणाला. विहिरीवर डबा त्यानंच उतरवला. आईनं न सांगता, पाण्याला टेकवून.

समुद्र दुसऱ्या दिवशी आला. आक्कांचं जेवण सूर्य मावळायच्या आत, म्हणून वाळूच्या कडेला गाडी लावून, वाटी ठेवून, पाचर मारून, घाईघाईनं भात झाला. अभयनं आण्णांना खुर्चीतून लाटांपर्यंत नेलं. आण्णांनी समोर बघितलं आणि डावा हात पुढं करून ठामपणे म्हणाले, "चला."

"आता कुठं?" आक्का म्हणाल्या. "म्होरं पाणी हाय!" आणि तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की अभयही हसला. किल्लीचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्यानंतर आण्णा दोन वर्षं हिंडले. गेले तेही खिडकीशीच, गाडी उभी असताना. वाटीतलं पाणी सरळ होतं, असं आक्कांनी मला सांगितलं. आता गाडी विकतील, असं सगळ्यांना वाटलं. आक्कांनी आण्णांच्या पलंगाचे पट्टे सोडले, पलंग अभयकडं दिला आणि एका सकाळी एकट्याच निघून गेल्या. फुटपाथ मोकळा झाला. आमच्या मोहिमेचं हे एकमेव यश. संध्याकाळपर्यंत तिथं सात मोटारसायकली लागल्या.

त्याच दिवशी आक्कांचा फोन आला. "ओ नेते, जिवाणीचा डबा विहिरीच्या कट्ट्यावरच राहिला बघ."

"मग फिरवा की गाडी."

"आता न्हाय फिरवत. तू जा."

मी मोर्चा सोडून गडमुडशिंगीला गेलो. विज्ञानवादी माणूस मी. आजूबाजूला कुणी बघत नाही ना, ते बघितलं. दोरी सोडली, डबा पाण्याला टेकू दिला, हळूच कलता केला.

"चला," मी त्या न दिसणाऱ्या जिवांना म्हणालो.